जाळीचं घर

न्हाणीघराची फरशी बदलायचं ठरलं तेव्हा माईंनी एकच गोष्ट मागितली होती. फरशी साधी पांढरी असावी आणि तिच्यावर पाय घसरू नये. बाकी काय करायचं ते नानांनी ठरवावं. नानांनी ठरवलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

घरात न्हाणीघर एकच होतं. शौचालय वेगळं होतं ही देवाचीच कृपा. काम सुरू झाल्यापासून सगळं घर टॉवेल खांद्यावर टाकून वरच्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे आंघोळीला जात होतं. माईंचा नेम असा की आंघोळ आणि प्रार्थना झाल्याशिवाय चहाचा घोट घ्यायचा नाही. त्यामुळे पहाटे डॉक्टरीणबाईंची कडी पहिल्यांदा त्यांनाच वाजवावी लागे. माईंचा आणखी एक नेम होता. दुपारचे बारा वाजेपर्यंत कुणाला टोचून बोलायचं नाही. बारानंतर मोकळीक होती, पण इतक्या वर्षांत सवयच मोडली होती.

माईंना घोर होता तो शनिवारचा. शनिवारी सकाळी नानांची थोरली बहीण गुडघ्याचं ऑपरेशन उरकून महिनाभर विश्रांतीला येणार होती. नणंदबाईंना जिना चढायची सक्त मनाई होती. म्हणजे शनिवारपर्यंत खालचं न्हाणीघर तयार नसेल, तर नणंदबाईंची आंघोळ हॉलमध्ये करावी लागणार होती आणि त्यावर त्या काय बोलतील हे माईंना तोंडपाठ होतं.

"झालंच समज," नाना म्हणाले होते. नाना पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन. शहराचे निम्मे नळ त्यांच्या पेन्सिलीतून निघालेले. त्यांना एक न्हाणीघर म्हणजे हातचा मळ.

पण फरशीच्या दुकानात नानांना सहा कोपऱ्यांच्या, तळहाताएवढ्या फरश्या दिसल्या. पांढऱ्या आणि हिरव्या. नाना दुकानात उभ्या उभ्या मोहरले. त्यांनी निम्म्या या रंगाच्या, निम्म्या त्या रंगाच्या घेतल्या आणि घरी येऊन माईंना म्हणाले, "डिझाइन मी स्वतः करणार आहे." माईंनी फरशी हातात घेऊन पाहिली, कोपरे मोजले आणि मुकाट्याने कपाळाला हात लावला. कारण सहा कोपऱ्यांची घरं त्यांनी गेले कित्येक महिने आपल्याच जेवणाच्या टेबलावर पाहिली होती.

तो खेळ घरात आणला जावयाने. नव्या घराची किल्ली मिळायला उशीर होत होता, म्हणून लेक-जावई सध्या इथेच राहत होते. जावयाची चष्म्यांच्या दुकानात नोकरी, स्वभाव गरीब, बोलणं कमी. सासऱ्यांशी बोलायचं काय हा प्रश्न पडला म्हणून बिचाऱ्याने हा खेळ आणला. सगळ्या पटावर सहा कोपऱ्यांची घरं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. एकाने पांढऱ्या सोंगट्या ठेवत वरची कड खालच्या कडेला जोडायची, दुसऱ्याने हिरव्या ठेवत डावी कड उजवीला. फासे नाहीत, मारामारी नाही. एकदा ठेवलेली सोंगटी हलवायची नाही, उचलायची नाही. ज्याची वाट आधी जुळेल तो जिंकला.

इतका साधा खेळ, पण नानांनी त्याचं शास्त्र केलं. त्यांनी जुने कागद काढून पट आखले आणि जेवताना व्याख्यानं सुरू केली. त्यातलं एक माईंनाही आवडलं होतं. आपल्या दोन सोंगट्या अशा ठेवायच्या की त्यांना जोडणारी मधली दोन घरं मोकळी राहतील. समोरच्याने एक अडवलं की आपण दुसरं घ्यायचं. "म्हणजे घराला दोन दारं असल्यासारखं," माई पोळपाट पुसता पुसता म्हणाल्या होत्या. "नको असलेला पाहुणा पुढच्या दाराशी बसला, तर मागच्या दाराने बाहेर पडावं." नानांनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं होतं, कारण त्यांना हेच समजायला आठवडा लागला होता.

दुसरं शास्त्र असं की जो पहिली सोंगटी ठेवतो, त्याला जिंकता येतंच. मोठमोठ्या लोकांनी हे सिद्ध केलंय म्हणे. फक्त कसं जिंकायचं ते सांगितलेलं नाही. नाना वडीलकीच्या हक्काने कायम पहिली सोंगटी ठेवत आणि कायम जिंकत. शेवटी जावयाने फार अदबीने एक नियम आणला. एकाने पहिली सोंगटी ठेवायची, आणि दुसऱ्याने ठरवायचं की ती आपली म्हणायची की समोरच्याची. दोन मुलांत वडी वाटताना एकाने कापायची आणि दुसऱ्याने आधी उचलायची, तसंच. तेव्हापासून नाना पहिल्या सोंगटीला अर्धा-अर्धा तास लावू लागले. ती फार चांगली पडता कामा नये आणि फार वाईटही पडता कामा नये. तरी जिंकायचे मात्र नानाच. जावई हसून "वा, नाना" म्हणायचा आणि मग खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा, असं लेकीने आईच्या कानावर घातलं होतं.

तर त्या दिवशी मिस्त्री न्हाणीघराचा तळ सपाट करून, उतार काढून गेला. जाताना त्याने विचारलं, "साहेब, पाण्याची जाळी कुठल्या फरशीच्या जागी धरू?" नाना म्हणाले, "आधी डिझाइन होऊ दे. जाळीने मध्येच विचका नको. मी आज नुसत्या फरश्या मांडून ठेवतो. उद्या तू त्या आहेत तिथेच पक्क्या कर. एकही हलवू नकोस." मिस्त्रीने मान डोलावली, पाइपाच्या तोंडात चिंधी कोंबली आणि तो गेला.

संध्याकाळी नाना आणि जावई पालथ्या बादल्यांवर बसून डिझाइन करू लागले. पहिल्या काही फरश्या खरोखर डिझाइनच्या होत्या. मग नानांनी एक पांढरी फरशी जराशी बाजूला ठेवली आणि जावयाकडे पाहिलं. जावयाने ती बराच वेळ निरखली. "तुमचीच राहू द्या," तो म्हणाला आणि त्याने हिरवी उचलली. पांढरी वाट दारापासून खिडकीपर्यंत, हिरवी नळाच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत. माईंनी जेवायला हाक मारली तेव्हा डाव ऐन रंगात होता. नाना म्हणाले, "उद्या पुढे."

दुसऱ्या दिवशी नाना वर आंघोळीला गेले असताना मिस्त्री आला, आणि साहेबांनी सांगितलं होतं तसं त्याने तंतोतंत केलं. मांडलेली प्रत्येक फरशी आहे तिथेच सिमेंटने पक्की केली. एकही हलवली नाही. रिकामी घरं रिकामी ठेवली. नाना टॉवेल गुंडाळून खाली आले तेव्हा न्हाणीघर डॉक्टरीणबाईंच्या एखाद्या रुग्णाच्या जबड्यासारखं दिसत होतं.

माईंना वाटलं, आता तरी हे भानावर येतील. पण नाना बराच वेळ दारात उभे राहिले आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "ठेवलेली सोंगटी हलवायची नाही, हा तर नियमच आहे," ते म्हणाले. "सिमेंटने नियम पाळला, एवढंच."

झालं. तिथून पुढे न्हाणीघर एकेका फरशीने पुढे सरकू लागलं. जावई दिवसभर दुकानात, त्यामुळे त्याची चाल फोनवर यायची. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये तो फोन करायचा. नानांना फोनवर कमी ऐकू यायचं, म्हणून निरोप माईंकडे. "माई, नळाच्या भिंतीपासून तिसरी ओळ, पांढऱ्याला खेटून, खिडकीच्या अंगाला." माई पदराला हात पुसत न्हाणीघरात जायच्या, बोट दाखवायच्या, मिस्त्री हिरवी फरशी बसवायचा. मग नाना विचार करायचे. नाना विचार करत असताना मिस्त्रीच्या घमेल्यातला माल घट्ट व्हायचा. मिस्त्री तो टाकून नवा कालवायचा. नवा कालवेपर्यंत नानांचं ठरायचं, तोवर जावयाच्या दुकानात गर्दी झालेली असायची.

मिस्त्रीने पुढच्या गल्लीत दुसरं काम धरलं आणि तो इथे फक्त चालीपुरता डोकावू लागला. वर डॉक्टरीणबाईंनी आधी साबण लपवला, मग दारावर आपल्या आंघोळीच्या वेळेची पाटी लावली. माईंनी पहाटे कडी वाजवली, तर त्या दार उघडून म्हणाल्या, "माई, तुमच्यासाठी माझी ना नाही. पण तुमच्या नानांना म्हणावं, ते पाऊण तास आत काय करतात?" माईंना ठाऊक होतं ते काय करतात. डॉक्टरीणबाईंच्या चौकोनी फरशीवर बोटाने सहा कोपरे काढत बसतात. पण बारा वाजायचे होते, म्हणून माई नुसत्या हसल्या.

त्यांनी एकदा सुचवून पाहिलं होतं. उरलेली घरं मिस्त्रीला हवी तशी भरू द्यावीत, डाव काय, कागदावरही पुरा करता येईल. त्यावर एरवी एकमेकांसमोर गप्प बसणारे सासरे-जावई एकदम एक झाले आणि दोघांनीही माईंकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्यांनी देवघरातला दिवा फुंकला. मग लेकीने त्यांना बाजूला घेतलं. "आई, तू मध्ये पडू नकोस. ह्या वेळी ते जिंकतायत. काल दाढी करताना गाणं म्हणत होते."

"आणि बाबा हरले तर?"

"एकदा हरले तर काय बिघडतं?"

माईंना ठाऊक होतं काय बिघडतं. नाना हरले की नणंदबाईंसमोर महिनाभर तोंड फुगवून बसणार. जावई हरला तर भिंतीकडे तोंड. संध्याकाळी त्यांनी जावयाला चहा देताना सहज विचारलं, "बरोबरी नाही का हो होत तुमच्या ह्या खेळात?"

"नाही होत, माई," जावई मनापासून म्हणाला. "तेच तर त्याचं सौंदर्य आहे. समोरच्याची वाट पूर्ण अडवायची म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत बांधावी लागते. आणि ती भिंत म्हणजेच आपली वाट. सगळी घरं भरली की कुणीतरी एक जिंकलेला असतोच. दोघं जिंकत नाहीत, दोघं हरत नाहीत."

"सगळी घरं भरली तर," माई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

शुक्रवार उजाडला. जावयाने अर्ध्या दिवसाची रजा काढली. आता मोजकीच घरं उरली होती, आणि त्यातलीही बहुतेक मेलेली. मेलेलं घर म्हणजे तिथे कुठलाही रंग पडला तरी कुणाच्याच वाटेला फरक पडत नाही. जिवंत घर एकच होतं, जवळजवळ मधोमध. तिथे पांढरी पडली तर नानांची वाट दारापासून खिडकीपर्यंत जुळणार. हिरवी पडली तर जावयाची. जावयाची चाल नुकतीच झाली होती. पाळी नानांची. नाना जिंकले होते. पण जिंकण्याआधी चहा घ्यावा म्हणून ते स्वयंपाकघरात आले, आणि त्यांच्यामागे जावईही पडेल चेहऱ्याने आला.

मिस्त्री आत एकटा राहिला. घमेल्यात माल उरला होता, हाताशी पांढरी फरशी होती आणि त्या जिवंत घराला खेटून एक मेलेलं घर रिकामं होतं. पुढच्या गल्लीत त्याची वाट पाहत होते. त्याने माल पसरला आणि ती फरशी तिथे बसवून टाकली. तेवढंच एक काम पुढे.

नाना परत आले आणि त्यांनी पांढरी फरशी हातात घेतली. जावयाने खाली पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर रंग चढला.

"नाना, तुमची चाल होऊन गेली."

"कुठली चाल?"

"ही. पांढरी पडलीय. आता पाळी हिरव्याची."

"ती मी नाही ठेवली. मिस्त्रीने ठेवली."

"पांढरी ती पांढरी. ठेवलेली सोंगटी उचलायची नाही, हे तुम्हीच बजावलं होतंत."

"मिस्त्री काय माझ्या बाजूने खेळतो?"

"सिमेंटने नियम पाळला, असंही तुम्हीच म्हणाला होतात."

नाना दारात पांढरी फरशी घेऊन उभे, जावई उंबऱ्यावर हिरवी घेऊन उभा. दोघांनीही मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने थापी खाली ठेवली. "मी फरशी बसवतो, निवाडा करत नाही," तो म्हणाला. "पाच वाजता मी जाणार. उद्या सुट्टी."

मग शब्दाला शब्द वाढला. नानांनी लग्नापासूनची सगळी उजळणी केली. जावई कधी नव्हे ते म्हणाला की नव्या घराची किल्ली नसली तरी एखाद्या लॉजची मिळेल. लेक आत बॅग काढायला गेली, ती रागाने की नवऱ्याला घाबरवायला, हे तिलाच ठाऊक. तेवढ्यात नणंदबाईंचा फोन आला की प्रवासाला निघतेय, सकाळी पोहोचते, आणि पोहोचल्याबरोबर गरम पाण्याने आंघोळ करणार, तेव्हा बंब तापवून ठेव.

माईंनी फोन ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं. बारा कधीच वाजून गेले होते. त्यांनी पदर खोचला, न्हाणीघरात गेल्या, पालथ्या बादलीवर बसल्या आणि सगळी फरशी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत शांतपणे न्याहाळली. मग त्यांनी इतक्या वर्षांतलं सगळ्यात टोचणारं वाक्य उच्चारलं, तेही नेहमीच्याच हळू आवाजात.

"अहो, पाणी जाणार कुठून?"

पाणीपुरवठा खात्यात जन्म घालवलेल्या नानांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत पाहिलं. जाळी नव्हती. कुठेच नव्हती.

"मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं," मिस्त्री घाईने म्हणाला. "साहेबच म्हणाले, जाळीने विचका नको." आणि बोलता बोलता त्याची नजर एका फरशीकडे गेली, घाईने बसवलेल्या त्या पांढऱ्या फरशीकडे, आणि त्याचा चेहरा तिच्याहून पांढरा पडला. माईंनी ते पाहिलं. त्यांनी त्या फरशीकडे पाहिलं, मग तिला खेटून असलेल्या रिकाम्या घराकडे पाहिलं आणि त्या घरावर बोट टेकवलं.

"पाइपाचं तोंड इथेच ना?"

मिस्त्रीने थापी उचलली. "इथेच, माई," तो म्हणाला. "अगदी इथेच. बसवतो जाळी."

"थांब," नाना आणि जावई एकदम म्हणाले. मग दोघं एकमेकांकडे बघू लागले.

"जाळी म्हणजे पांढरी धरायची की हिरवी?" जावयाने विचारलं.

"जाळी जाळीच असते," नाना सावकाश म्हणाले. त्यांनी खाली वाकून बोटाने आपली वाट तपासली, मग जावयाची. "माझी जुळत नाही."

"माझीही नाही," जावई म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "म्हणजे ही बरोबरी झाली. या खेळात बरोबरी होतच नाही, नाना."

"होतच नाही," नाना म्हणाले. "शास्त्रात बसत नाही. पण झाली. कागदावर कधी झाली नसती, कारण कागदाला पाणी जायला जागा नसते." त्यांनी हातातली पांढरी फरशी खाली ठेवली. "पाळी माझी होती, हे तुला मान्य आहे ना?"

"नाही," जावई म्हणाला, पण हसून. आणि दोघं त्यावर वाद घालत बाहेर व्हरांड्यात गेले. तो वाद आता जन्मभर पुरणार होता, आणि जन्मभर पुरणाऱ्या वादात कुणी बॅग भरत नाही. लेकीने काढलेली बॅग पुन्हा कपाटावर गेली.

मिस्त्री पाच वाजून गेले तरी आत छिन्नी चालवत होता, दार लोटून. निघताना त्याने उरलेली मेलेली घरं भरली, सांधे पुसले आणि बजावून गेला की पहिलं पाणी सकाळीच टाकायचं.

सकाळी नणंदबाई आल्या, काठी टेकत न्हाणीघरापर्यंत गेल्या आणि दारात थबकल्या. "हे काय रे?" त्या म्हणाल्या. "ना फूल, ना नक्षी. उरल्यासुरल्या फरश्या लावल्यासारख्या."

"डिझाइन आहे," नाना म्हणाले.

"दोघांचं," जावई म्हणाला.

नणंदबाई आत गेल्या. बऱ्याच वेळाने न्हाऊन बाहेर आल्या, टवटवीत. केस पुसत म्हणाल्या, "दिसायला काही असो, पाणी मात्र थेंबभर साचत नाही. जाळी अगदी जागच्या जागी बसवलीय. कुणी शोधली जागा?"

"मी," नाना म्हणाले.

"तसं मीच," जावई त्याच वेळी म्हणाला. आणि दोघांची पुन्हा जुंपली.

माई तेव्हा मागच्या दारात होत्या. मिस्त्री आपली विसरलेली थापी न्यायला आला होता, आणि थापी मिळाली तरी जागचा हलत नव्हता. शेवटी हळूच म्हणाला, "माई, तुम्हाला कळलं होतं ना? तोंड त्या घराखाली नव्हतंच. मीच घाईत वर पांढरी फरशी लावून ते बुजवलं होतं. वीतभर वाकडा पाइप टाकावा लागला खालून. तुम्ही मला वाचवलंत."

"मी नुसतं विचारलं होतं," माई म्हणाल्या. "खोटं काही बोलले नाही."

"पण पाइप वळला नसता तर?"

"तर तुझी ती फरशी फोडून तिथेच जाळी बसवायला सांगितली असती. फरशी गेली की चूकही गेली आणि पाळीचं भांडणही गेलं. एकजण हरला असता, पण वन्संची आंघोळ चुकली नसती." माईंनी टॉवेल आणि धुतलेले कपडे उचलले. "एका दारावर विसंबून कोण राहतं?"

माई आत गेल्या, आठवडाभरानंतर आपल्या स्वतःच्या न्हाणीघराची कडी लावली आणि पहिला तांब्या ओतला. पाणी पांढऱ्यावरून, हिरव्यावरून, कुणाची पाळी आहे हे न विचारता सरळ जाळीपाशी पोहोचलं.

बाहेर व्हरांड्यात नाना जावयाला सांगत होते की उद्यापासून स्वयंपाकघराची भिंत मोजायला घ्यावी. माईंनी आतून ऐकलं. बारा वाजायचे होते, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.